नागोरावांचा चौथा भोंगा

शासकीय सेवेतली तीस-पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहीत आलो. त्यांत एकच मसुदा असा आहे की ज्याखाली कोणाचीच सही नाही. आणि भाषेच्या दृष्टीने पाहिले तर दुर्दैवाने तोच सर्वांत निर्दोष उतरला आहे. तो एक निनावी तक्रारअर्ज होता. 'निनावी' हा शब्दही मी स्वतःवर दया करून वापरतो आहे. खाली मी 'समस्त गावकरी, सावरवाडी' असे लिहिले होते, आणि सावरवाडीला त्याची गंधवार्ताही नव्हती. ही गोष्ट मी पत्नीलाही कधी सांगितली नाही.

तो अर्ज ज्यांच्याविरुद्ध होता ते नागोराव ड्रायव्हर कोण, हे सांगायचे तर सुरुवातीपासून सांगावे लागेल. नागोरावांना स्वतःला मात्र सुरुवातीपलीकडे कशातच रस नव्हता.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ते तिकीट काढून सिनेमाला जात आणि नायक पडद्यावर आला की उठून घरी येत. "गडी कसा चालत आला ते बघितलं. आता पुढं त्यो जिंकणारच की!" रेडिओवरच्या बातम्यांतली पहिली बातमी ऐकून ते खटकन बटण फिरवत. कुणी बोलायला आले की पहिल्या वाक्यावर हात वर करून म्हणत, "कळलं!" आणि आश्चर्य असे की बहुतेक वेळा त्यांना खरोखरच कळलेले असे. शेजारचे मास्तर "काय नागोराव, तब्येत कशी आहे?" असे म्हणत दारात उभे राहिले की आतून उत्तर येई, "सायकल बाहीरच हाय मास्तर, घेऊन जावा. सांच्याला आणून लावा."

"माणूस पहिल्या वाक्यातच समदं बोलून टाकतो, भाऊसाहेब," ते मला सांगत. "पुढं निस्तं लांबवतो."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांची बायको गेली होती. त्याविषयी ते एवढेच म्हणत, "सुरुवात लई चांगली झाली होती."

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच निर्माण झाला होता. मी एकवीस वर्षांचा कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा कचेरीत पुरेशा खुर्च्या आल्या नव्हत्या, फायली जुन्या जिल्ह्यातून पोत्यांत बांधून येत होत्या, रबरी शिक्क्यांवर शाई धरत नव्हती. पाणीटंचाई मात्र वेळेवर हजर झाली होती. मला टंचाई शाखाच मिळाली. नागोराव आमच्याच कचेरीच्या कामावरच्या टँकरचे चालक. मूळचे हिमायतनगरकडचे, बौद्धवाड्यात वाढलेले, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. आमच्या भाड्याच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या आणि मधली भिंत पत्र्याची होती. मी त्यांना मामा म्हणत असे. ते मला भाऊसाहेब म्हणत, कारण त्यांच्या मते लेखणी धरणारा प्रत्येक मनुष्य भाऊसाहेबच असतो.

माझ्याजवळ तेव्हा एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट होती. हैदराबादला शिकणाऱ्या मामेभावाने ती भरून दिली होती. तीत विलायतेतल्या लांब केसांच्या गिटारवाल्यांचे एक गाणे होते. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या भागात ते त्या नावाने कुणालाही ओळखू येणार नाही. विजेच्या गिटारीवर चार जाडजूड सूर, टेकडीवरून धोंडे गडगडत यावेत तसे, मग तेच चार पुन्हा, मग ढोल, मग एका माणसाची किंकाळी. संपूर्ण लातूर जिल्ह्यात हे गाणे माहीत असलेला मी एकटाच मनुष्य आहे, अशी माझी खात्री होती. डोक्यात भांग पाडावा तसे मी ते गाणे मिरवत असे. फक्त पाहणारे कुणी नव्हते.

एका संध्याकाळी पत्र्यावर टकटक झाली. "भाऊसाहेब, ते पुन्यांदा लावा बरं."

मी आनंदाने लावले. चार सूर झाले, पुन्हा चार झाले. किंकाळी येण्याच्या बेतात असताना पत्रा पुन्हा वाजला. "बंद करा, बंद करा! आता त्यो माणूस वरडायला लागंल. त्याच्या घरी कायतरी झालेलं दिसतंय."

पुढे रोज हेच. मी पूर्ण गाणे ऐकवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पण नागोराव चार सुरांपुढे सरकायला तयार नव्हते. "ही खरी सुरुवात, भाऊसाहेब. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडल्यासारखी. पुढं काय ऐकायचंय?"

महिन्याभराने ते एक सागवानी फळी घेऊन आले. तिच्यावर दारावरच्या घंटीची चार बटणे बसवली होती. चारही बटणांच्या वायरी टँकरच्या टपावरच्या चार भोंग्यांना जोडलेल्या होत्या. पहिला भोंगा मोडीत निघालेल्या ट्रकचा, दुसरा कुठल्याशा जीपचा, तिसरा वरातीच्या गाडीचा. चौथा नांदेडच्या भंगारवाल्याकडचा होता आणि त्याच्या पूर्वायुष्याविषयी खुद्द भंगारवालाही बोलायला तयार नव्हता. कुणाच्या तोंडात चिंध्या कोंबून, कुणाला कानशीने घासून नागोरावांनी त्यांतून माझ्या गाण्याचे चार सूर काढले होते. तीन सूर चोख होते. चौथ्यापर्यंत पोचता पोचता हवेचा दाब कमी पडे आणि तो किंचित थांबून, घोगरा होऊन येई. दम लागलेल्या माणसाने उंबरा ओलांडावा तसा.

"मामा, चौथा उशिरा येतो. गाण्यात तो असा नाही," मी म्हणालो.

"म्हातारा हाय त्यो. थांबून घ्यावं."

तीन रविवार मी त्यांना ताल समजावून सांगितला. तिन्ही रविवार ते पहिल्या वाक्याला "कळलं" म्हणाले आणि चौथा सूर उशिराच येत राहिला.

त्या उन्हाळ्यात नागोरावांचा टँकर जिथे जिथे गेला तिथे तिथे ते चार सूर गेले. बायका त्यांना 'वाजव्या' म्हणू लागल्या. पोरे टँकर नसतानाही ती धून तोंडाने वाजवून आयांना घागरी घेऊन पळायला लावू लागली आणि मार खाऊ लागली. एका वरातीत बँडवाल्यांनी ती वाजवली, तीही चौथ्या सुराला थांबून, असे माझ्या कानावर आले. तेव्हापासून मला आतून काहीतरी टोचू लागले. माझे गाणे माझे राहिले नव्हते.

पुढे आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ ठरला. करमणुकीसाठी काहीतरी नवे हवे होते. मी टेपरेकॉर्डर आणला, पाश्चात्त्य संगीताविषयी दहा मिनिटांचे भाषण तयार केले, इस्त्रीचा शर्ट घातला. भाषणाचा शेवट 'आता आपण जे ऐकणार आहोत, ते या जिल्ह्याने आजवर ऐकलेले नाही' असा होता. तो ठसक्यात म्हणून मी बटण दाबले.

पहिले चार सूर वाजले आणि मागच्या बाकावरचा शिपाई सोपान ताडकन उभा राहिला. "टँकर आला वो!" असे ओरडून तो पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून बाहेर पळाला. त्याच्यामागे आणखी एक जण बादली घेऊन गेला. सगळे सभागृह हसून लोटपोट झाले. आमचे अव्वल कारकून डोळे पुसत म्हणाले, "अहो भाऊसाहेब, आपल्या टँकरचं गाणं विलायतेला कधी गेलं?"

मीही हसलो. निदान चेहऱ्याने तरी.

त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन मी तो अर्ज लिहिला. 'सदर वाहनाचा चालक कर्णकर्कश व विदेशी स्वरूपाची धून वारंवार वाजवून ग्रामस्थांच्या शांततेचा भंग करीत असून, आजारी व वृद्ध व्यक्तींना त्यामुळे अतोनात त्रास होत आहे.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सरळ, सुटे काढले. सावरवाडी हे नाव का निवडले, याला काही कारण नव्हते. त्या दिवशी टेबलावर सगळ्यांत वर असलेली फाइल त्या गावाची होती. पलीकडे पत्र्यामागे नागोराव तोंडाने चार सूर म्हणत भाकरी थापत होते.

मला वाटले होते, फार तर तोंडी समज मिळेल. पण जिल्हा नवा होता आणि प्रत्येक कागदावर कार्यवाही करून दाखवण्याची सगळ्यांना हौस होती. आठवड्याभरात नागोरावांच्या हातात अर्जाची प्रत आली आणि तीन दिवसांत लेखी खुलासा करण्याचा हुकूम आला. ती प्रत घेऊन ते माझ्याकडेच आले. दुसरीकडे कुठे जाणार? शेजारी भाऊसाहेब होते.

"जरा वाचा बरं. मला दोन वळी लागल्या, पुढं लागंना."

मी माझा अर्ज त्यांना वाचून दाखवला. दोन ओळी झाल्या तेव्हा मी थांबलो. ते "कळलं" म्हणतील आणि सुटका होईल, अशी आशा होती. ते म्हणाले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना काहीतरी शेवटपर्यंत ऐकताना पाहिले.

"कर्णकर्कश म्हंजी?"

"कानाला त्रास होईल असं."

"सावरवाडीच्या कानाला?"

"तसं लिहिलंय."

ते कागदाकडे बघत राहिले. "लिवणारा हुशार हाय. येवढा शिकलेला कोण हाय वो सावरवाडीत?"

मी स्टोव्हला पंप मारू लागलो.

"समस्त म्हंजी?" त्यांनी विचारले.

"सगळे."

"वड्यापल्याडच्या वस्तीवरचे बी?"

तिथे मला थांबता आले असते. एवढा एकच शब्द, 'नाही', पुरेसा होता. मी म्हणालो, "समस्त म्हटल्यावर सगळेच आले त्यात, मामा."

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "लिवा खुलासा. मी सांगतो."

त्यांनी जे सांगितले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. सावरवाडीत टँकर उभा राहायचा तो सडकेला, गावाच्या तोंडाशी. सडकेलगतच्या आळीतल्या बायका तो दिसताच पोचत. बौद्धवस्ती ओढ्यापलीकडे. तिथे बातमी पोचून बायका येईपर्यंत टाकी रिकामी झालेली असे. नळीखाली चिखल उरे. नागोराव लहान असताना त्यांची आई अशाच चिखलात घागर टेकवून उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती.

"म्हणून टेकडीच्या वळणावरूनच वाजवून राहिलो मी, भाऊसाहेब. तिथून आवाज सरळ वस्तीवर जातो. वळणापासून सडकेला यायला मला पाव तास लागतो, रस्ताच असला खराब. बायकांना बी वड्यातून यायला पाव तासच. तिकडून त्या निघतेत, इकडून मी. संगंच पोचतोत."

"पण साधा हॉर्न चालला असता की," मी म्हणालो.

"साधा? यष्टी वाजवती, उसाचा ट्रक वाजवतो, कोन बी वाजवतो. तव्यावरची भाकर सोडून पळायचं का न्हाई, हे बाईला कळाय नको? आपल्यावानी सुरुवात दुसऱ्या कुणाची हाय का? आन् चौथ्याला जरा थांबतो भोंगा, बरं हाय ते. मागं राहिलेली गाठती."

माझ्या हातात लेखणी होती. हे कारण खुलाशात गेले असते तर तक्रार तिथेच निकाली निघाली असती. कदाचित नव्या साहेबांनी शाबासकीही दिली असती. आणि मग कुणीतरी विचारले असते की, असे आहे तर हा अर्ज केला कोणी? मी म्हणालो, "मामा, कचेरीत अशी लांबण लावत नाहीत. चूक कबूल करावी, प्रकरण मिटतं."

"तुम्ही शिकलेले. लिवा तसं."

मी लिहिले, 'माझ्या हातून घडलेल्या वर्तनाबद्दल मी दिलगीर असून क्षमा असावी.' नागोरावांनी खाली सावकाश सही केली. त्या फाइलीत एकच माफीनामा आहे, आणि तो निरपराध माणसाचा आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाना घेऊन चारही भोंगे उतरवले. पुढच्या महिन्यात नांदेडकडे बदली मागून घेतली. जाताना मी म्हणालो, "मामा, इतकं मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "सडकेवरच्यांनी नको म्हटलं असतं तर फिकर नव्हती, भाऊसाहेब." पुढचे वाक्य ते बोलले नाहीत, आणि त्या वेळी मलाही ते पहिल्या वाक्यातच कळले.

नवा चालक मुकाट येऊन मुकाट जाऊ लागला. दोन महिन्यांनी सावरवाडीच्या वस्तीचा अर्ज आला. खाली अंगठेच अंगठे होते. पाणी मिळत नाही, एवढाच मजकूर. तो खरा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मी त्यावर 'चौकशी व्हावी' असे लिहून तो पुढे पाठवला.

यानंतर इतकी वर्षे गेली. ते गाणे जगभर अजून वाजते म्हणतात. आमच्याकडेही वाजते, फक्त लोकांना ते विलायतेचे आहे हे माहीत नाही. वरातीत, गणपतीपुढे, शाळेच्या लेझीममध्ये चौथ्या ठोक्याला सगळे अर्धा क्षण थांबतात, आणि का थांबतात ते कुणालाच ठाऊक नसते. दर वेळी मी रस्ता बदलतो.

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात माझ्याकडे टँकर तपासणीचे काम होते. यादीत सावरवाडी होती. ते नाव पाहून मी ती यादी दोनदा खाली ठेवली, पण गेलो. सडकेवर टँकर उभा होता. गर्दीच्या मागे एक म्हातारी रिकामी घागर घेऊन ओढ्यातून धापा टाकत येत होती. तिचे नाव गयाबाई. टाकी तोवर संपली होती.

"साहेब, तुमच्या टँकरला आवाज न्हाई व्हय?" तिने विचारले.

"त्याला जीपीएस लावलंय, आजी. टँकर कुठे आहे ते कचेरीत बसून दिसतं."

"त्ये वस्तीवर ऐकू येतं का?"

 तिने घागर उपडी केली आणि बोटांनी तिच्यावर वाजवू लागली. तीन ठोके. मग थांबली. मग चौथा. "असं वाजायचं पूर्वी. चौथ्याला थांबायचं असतं. मागं राहिलेलीला गाठू द्यायचं."

तिची नात लातूरला क्लासला होती, सुट्टीत आली होती. ती हसून म्हणाली, "सर, हे गाणं फॉरेनचं आहे. मोबाईलवर आहे माझ्या. पण ते लोक शेवटचा सूर गडबडीनं वाजवतात. आज्जीला पटतच नाही."

गयाबाईचे तिकडे लक्ष नव्हते. "त्यो वाजव्या काहून सोडून गेला वो साहेब? आमचं काय चुकलं? तवापासून इचारायचं ऱ्हाईलंय."

नागोराव नायगावला पुतण्याकडे असतात, हे एका जुन्या चालकाकडून कळले. मी नांदेडच्या एस.टी.त बसलो आणि वाटेत माफीचा मसुदा मनातल्या मनात चार वेळा केला. चारही मसुदे उत्तम होते.

ते अंगणात लिंबाखाली बसले होते. सत्तरीला टेकलेले. आत टीव्हीवर मालिकेचे शीर्षकगीत संपले तसे त्यांनी पुतण्याच्या पोरीला हाक मारली, "बंद कर गं, झालं." मला पाहून उठले, "भाऊसाहेब! केस पिकले की वो!" भिंतीला त्यांची सायकल टेकवलेली होती. तिला घंटी नव्हती. घंटीच्या जागी हँडलवर फक्त घासल्याची खूण होती.

"घंटी कुठे गेली, मामा?"

"काढली. कुणाला तरास नको." ते सहज म्हणाले. "आता आपुन लांबून वळून जातो. वाजवत न्हाई."

चहा आला. मी मसुद्याला हात घातला. "मामा, मी सावरवाडीला गेलो होतो."

त्यांनी हात वर केला. "कळलं." कपातल्या चहाकडे बघत त्यांनी हलकेच विचारले, "आजून बी नाराज हायेत का वस्तीवरचे?"

पहिल्या वाक्यावरून माणूस ओळखणारे नागोराव आयुष्यात इतके कधी चुकले नसतील. चारही मसुदे माझ्या डोक्यातून गेले. मी कप खाली ठेवला, त्यांचा वर केलेला हात धरला आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"मामा, या वेळी शेवटपर्यंत ऐका. वस्ती नाराज नाही. कधीच नव्हती. सावरवाडीनं अर्ज केलाच नव्हता. तो मी लिहिला, माझ्या हातानं, जळून. समस्त म्हणजे मी एकटा होतो. तुम्ही का वाजवता ते तुम्ही मला सांगितलं, तरी मी ते खुलाशात लिहिलं नाही. गयाबाई अजून विचारतेय, आमचं काय चुकलं म्हणून. त्यांचं काही चुकलं नाही. तुमचं काही चुकलं नाही. चुकलो मी. मला माफ करा, मामा."